कोपरा फाटलेलं कार्ड

सत्काराच्या कार्यक्रमात मला एक प्रश्न हमखास विचारतात. बाई, टीव्हीवर बातम्या वाचणाऱ्या पहिल्या मराठी बायकांत तुमचं नाव घेतात. अपघात, पूर, मोठ्या माणसांचे मृत्यू, सगळं तुम्ही वाचलंत, पण आवाज कधी हलला नाही, हे कुठं शिकलात? मी सांगते की टीव्ही केंद्रावर चांगले गुरू भेटले. लोक टाळ्या वाजवतात, शाल-नारळ मिळतो, मी रिक्षा करून घरी येते. केंद्रावर गुरू भेटले हे खोटं नाही. पण तोवर माझं शिक्षण संपलं होतं. ते झालं कर्जत तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर, घरासमोरच्या लिंबाखाली, वयाच्या बाराव्या वर्षापासून.

आमच्याकडं कुणी गेलं की पाहुण्यारावळ्यांना पोस्टकार्ड जायचं आणि त्या कार्डाचा एक कोपरा फाडलेला असायचा. हातात घेतानाच कळावं म्हणून. असं कार्ड उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. बाहेर उभ्यानं वाचायचं, वाचून झालं की फाडून टाकायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि मगच घरात शिरायचं. वस्तीवर वाचता येणारी माणसं दोनच, अण्णा आणि मी. अण्णा, म्हणजे माझे वडील, ग्रामपंचायतीत शिपाई, दिवसभर चावडीवर. त्यामुळं कोपरा फाटलेलं कार्ड आलं की बाया मलाच हाक मारायच्या. "इंदे, ये गं. वाच, पर दमानं." पहिल्यांदा मी कार्ड डोळ्यांखालून घातलं आणि मीच रडायला लागले. बायांना कळेना मेलं कोण. प्रत्येकीचं माहेर निराळं, जी ती आपापल्या माहेरचं नाव घेऊन ओरडायला लागली. त्या दिवशी शेजारच्या हौसाकाकूनं माझ्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "आदी नाव सांग. मंग रड." तेव्हापासून मी आधी नाव सांगायची, मग गाव, मग वार. सांगून थांबायची. ज्या बाईचं माणूस गेलं तिला रडू द्यायची, ती जरा सावरली की उरलेलं वाचायची. पुढं टीव्हीवर मी यापेक्षा वेगळं काही केलं नाही.

अण्णांच्या करगोट्याला एक किल्ली असायची, पंचायतीच्या रेडिओच्या पेटीची. सांजच्याला ते चावडीत जाऊन पेटी उघडायचे, रेडिओ खरखरायचा, आणि पारावरची माणसं गप्प व्हायची. बायकांनी चावडीत बसायचं नाही अशी रीत, पण शिपायाची पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन दाराआड उभी राहिली तर कुणाला काय अडचण? बातम्या संपल्या की मी घरी यायची आणि आई भाकरी थापत असायची तेव्हा तिला त्या सगळ्या पहिल्यापासून म्हणून दाखवायची. भाकरी थापण्याचा आवाज आणि माझा आवाज बरोबरीनं चालायचे. आई मध्येच विचारायची, "मंत्री परदेशी गेला म्हंतीस, तर त्याच्या घरी गुरांकडं कोन बघतंय?" बातमीत ते सांगत नाहीत म्हटलं की ती म्हणायची, "मंग काय सांगत्यात?"

मॅट्रिकनंतर मी नगरला कॉलेजात गेले, तिथं पाठकबाई भेटल्या. त्या आम्हाला मराठी शिकवायच्या, सावेडीला नव्या बंगल्यांच्या वस्तीत एकट्या राहायच्या. माझं बोलणं ऐकून वर्ग हसायचा. बाईंनी मला घरी बोलवून रोज पेपरातला अग्रलेख मोठ्यानं वाचायला लावलं. मी 'पानी' म्हणायची, त्या 'पाणी' म्हणायच्या, आणि पिण्याचं मात्र दोघींनाही मिळायचं नाही, कारण तेव्हा दुष्काळ पडला होता. एके दिवशी त्यांनी पेपरातली जाहिरात पुढ्यात ठेवली. मुंबईत टेलिव्हिजन सुरू होणार होतं. मराठी बातम्या वाचायला स्त्रिया हव्या होत्या. बाईंनी अर्ज स्वतः इंग्रजीत लिहिला आणि म्हणाल्या, पत्ता माझा घाल, पत्र हमखास पोचेल. मी म्हटलं, नको, पत्ता गावचाच घालते. सरकारचं पत्र अण्णांच्या हातात पडावं, त्यांनी ते चावडीवर चार माणसांत फोडावं, अशी मला हौस. बाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि गावचा पत्ता घातला.

घरी आल्यावर आईनं विचारलं, टेलिव्हिजन म्हणजे काय. मी सांगितलं, रेडिओच, पण वाचणारं माणूस दिसतं. ती म्हणाली, "किती जनांस्नी दिसंल?" मी म्हटलं, सगळ्या मुंबईला. "मंग पदर टाचून बस म्हंजे झालं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी हौसाकाकूला सांगताना मी तिला ऐकलं. माझी इंदी रेडिओत दिसनार हाय, असं ती सांगत होती, आणि काकू व्हय व्हय करत होती.

दुष्काळानं कॉलेज सुटलं. खोलीच्या भाड्याचं जमेना, म्हणून मी वस्तीवर परत आले आणि आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायला लागले. सगळ्या वाड्यावस्त्यांची माणसं तिथं होती. जिच्या घरी चार बैल होते ती पाटलाची सून आमच्या शेजारी बसून हातोडी मारायची. सकाळी शंभर-दोनशे हातोड्या एकदम सुरू व्हायच्या आणि दुपारपर्यंत डोक्यात तोच आवाज घुमत राहायचा. घरी रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी, त्या थापतानाच फाटायच्या, आणि हुलग्याचं माडगं. कामावर गोड भाजल्या पिठाची सुकडी मिळायची ती मी पदरात बांधून आणायची. दोन महिने झाले तरी मुंबईचं काही आलं नाही. मी रोज लांब खाकी पाकिटाची वाट बघायची, कारण सरकारी कागद म्हणजे खाकी पाकीट, एवढंच आम्हाला ठाऊक. ते कार्डावरही येऊ शकतं हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मग आईच्या पायावर दगड पडला. अंगठा काळानिळा झाला आणि ती आठ दिवस घरी बसली.

त्या मंगळवारी दुपारी मी कामावर होते. अण्णा पाण्याच्या टँकरसाठी तालुक्याला गेले होते. आमचा पोस्टमन गेनूतात्या सायकलवरून आला. त्याच्या पोरीचं लग्न दोन दिवसांवर होतं, घरात हळद लागलेली होती, आणि रजेवर जाण्याआधीची त्याची ही शेवटची फेरी. आईनं नंतर शंभर वेळा सांगितलं तसं सांगते. तो लिंबाखालीच उतरला आणि म्हणाला, "वैनी, कार्ड हाय. पर कोपरा फाटलाय. माज्या घरात हळद हाय, मी वाचायचा न्हाई. हितं ठिवतो." त्यानं कार्ड जमिनीवर ठेवलं आणि नजर दुसरीकडं करून सायकल हाणली. आई लंगडत गेली. कार्डाचा वरचा कोपरा नव्हता. तिनं ते उंबऱ्याकडं आणलं नाही, रीत मोडली नाही. लिंबाच्या बुडाशी ठेवलं, उडू नये म्हणून वर दगड ठेवला, आणि इंदी येईपर्यंत दारात बसून राहिली. बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. हौसाकाकूची शेळी दोर तोडून आली. त्या साली शेळ्या चिंध्या खायच्या, बाभळीच्या साली खायच्या, शाळेच्या फळ्यावरचा पुठ्ठा एकीनं खाल्ला होता. आई जागी झाली तेव्हा दगड कलंडला होता आणि शेळी रवंथ करत होती.

मी आले तर आई लिंबाखाली बसून रडत होती आणि हौसाकाकू शेळीला मारत होती. मी विचारलं, कोण गेलं? आई म्हणाली, "म्हाईत न्हाई." इतकी कार्डं मी वाचली होती, पण हे असं कधी घडलं नव्हतं. घरात कुणीतरी मेलं होतं आणि कोण ते शेळीला ठाऊक. रडायचं तर कुणाचं नाव घेऊन? सुतक धरायचं तर तीन दिवसांचं की दहा? अण्णा आले, त्यांनी शांतपणे चौकशी केली. अक्षर कसं होतं? आई म्हणाली, "एकसारकं हुतं. छापल्यावानी." अण्णांचा चेहरा उतरला. छापील कार्ड म्हणजे दहाव्याचं. माणूस जाऊन चार-सहा दिवस झाले असणार. ते तसेच गेनूतात्याच्या घरी गेले, तर घराला कुलूप. वऱ्हाड बार्शीकडं निघून गेलं होतं. तालुक्याच्या पोस्टात साध्या कार्डाची कुठं नोंद असते? आणि मी, बातम्या वाचायला निघालेली पोरगी, तिथं उभी होते आणि छापील अक्षर म्हटल्यावरही माझ्या डोक्यात काही आलं नाही. हे मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

मरायला आमच्याकडं तीन माणसं होती. ताई, माझी थोरली बहीण, मिरजगावच्या बाजूला दिलेली, सातव्या महिन्यात. मामा, जामखेडकडचा, दम्यानं बेजार. आणि दादा, माझा भाऊ दत्तू, नगरला नागापूरच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा. अण्णांना टँकर सोडून हलता येईना. आई पायाला फडकं बांधून बुधवारी पहाटेच तयार झाली. तिला एस.टी.ची पाटी वाचता येत नव्हती आणि धड चालताही येत नव्हतं. मी बरोबर निघाले.

ताईच्या गावाला आम्ही उन्हाच्या आत पोचलो. आता एक रीत सांगायला हवी. मयताला जाणाऱ्या बायका घराच्या दारात जाऊन बोलत नाहीत. घर दिसलं की लांबूनच गळा काढतात. आईला मी वाटेत दहादा सांगितलं, आधी विचारू. ती व्हय म्हणाली. पण ताईच्या सासरचं कौलारू घर दिसलं, अंगणात चार माणसं बसलेली दिसली, आणि आईचा धीर सुटला. तिनं पदर तोंडावर घेतला आणि "माज्या लेकी गं" म्हणून हंबरडा फोडला. अंगणातली चार माणसं चाऱ्याच्या डेपोचं बोलत बसली होती. ती उठून उभी राहिली. आतून ताई आली, पोट हातानं सावरत, जिवंत, हातात कोंड्याचं सूप. आईला ती दिसली तरी तिचं रडणं थांबेना. ताईची सासू पुढं झाली. तिचा आवाज अजून माझ्या कानात आहे. "भरल्या पोटाच्या लेकीच्या दारात गळा काडता? काय म्हनून आलाय तुमी?" मी सगळं सांगितलं. शेळीचं आलं तेव्हा एक माणूस हसला आणि सासूच्या नजरेनं गप्प झाला. शेवटी तीच म्हणाली, "कुनीतरी कावळे बगितले असत्याल. त्यानं सोडलं आसंल खोटं कार्ड, आन तुमी आल्या रडत." कावळ्यांचा संग बघणं अशुभ, ज्यानं बघितलं त्यानं आपल्या मरणाचं खोटं पत्र सोडायचं, नातलग रडले की दोष जातो, असं आमच्याकडं मानतात. आईनं त्या बाईचे पाय धरले. ताईच्या अंगावरून मीठ-मोहऱ्या उतरल्या, आम्हाला चहासुद्धा न देता वाटेला लावलं. मी त्या बाईला दोष देत नाही. मीही तेच केलं असतं.

मामाकडं गुरुवारी पोचलो. तिथं आईनं गळा काढला नाही, तोंडात पदराचा बोळा धरून ठेवला होता. मामा ओट्यावर खोकत बसला होता. आम्हाला बघून त्याला इतका आनंद झाला की तो आणखी खोकला. आमची कथा ऐकून म्हणाला, "माझंच असंल त्ये. फकस्त मी मरायचा इसरलो." आई त्या रात्री जेवली नाही. तिच्या लेखी आता एकच माणूस उरला होता. शुक्रवारी सकाळी आम्ही तिथूनच नगरची गाडी धरली.

नागापूरला कारखान्याच्या फाटकावर रखवालदारानं वही बघितली आणि म्हणाला, दत्तू सोमवारपास्नं कामावर आलेला नाही. आई होती तिथंच खाली बसली. त्याच्या खोलीत राहणारा साथीदार आत मशीनवर होता, तो तीनला सुटणार होता; तोवर काही कळायचं नाही. मग आईच म्हणाली, "तुजी बाई हितंच ऱ्हाती न्हवं? तिला म्हनाव, सरकारी दवाखान्यात कुनी वळकीचं असंल तर इचारा. मी हलत न्हाई हितनं." मी सावेडीकडं निघाले, निम्मी पळत.

पाठकबाईंनी दार उघडलं आणि माझा अवतार बघून आधी त्यांना वाटलं मी आनंदानं धावत आलेय. "म्हणजे मिळालं तुला वेळेवर," त्या म्हणाल्या. "मी म्हणतच होते, गावात पोचायला उशीर होईल." मी विचारलं, काय मिळालं? मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या मुंबईच्या भाचीनंही अर्ज केला होता. तिला गेल्या शनिवारी कार्ड आलं होतं. छापील, इंग्रजी कार्ड. आवाजाची आणि चेहऱ्याची चाचणी, उद्या सकाळी अकरा वाजता.

मी खुर्चीत बसले ते आठवतं. बाईंनी पाणी दिलं तेही आठवतं. मी त्यांना शेळीपासून दादापर्यंत सगळं सांगितलं. कार्ड, छापील, एकसारखं अक्षर. कोपरा गेनूतात्याच्या सायकलच्या कॅरियरमध्ये अडकून फाटला असेल, पोत्यात फाटला असेल, कुणास ठाऊक. बाई उठल्या, त्यांनी कपाटातून आपली एक निळी साडी काढली, घडी मोडू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळली. संध्याकाळी सातला मुंबईची एस.टी. होती. भाचीच्या नावानं चिठ्ठी देते, पहाटे तिच्या घरी उतर, तिच्याबरोबरच जा, कार्ड हरवलं म्हणून सांग, यादीत नाव असेलच. सगळं त्यांनी दोन मिनिटांत ठरवलं. "इंदू, तुझा भाऊ बरा असणार. ते कार्ड तुझंच होतं. विचार कर जरा." मी विचार करतच होते. कार्ड माझं असलं तर कुणी मेलेलं नव्हतं. कार्ड माझं नसलं तर दादा मेला होता, आणि मी निळी साडी नेसून मुंबईला चालले होते. यातलं खरं कोणतं हे सांगणारा कागद शेळीच्या पोटात गेला होता. मी साडीचं पुडकं तिथंच ठेवलं आणि म्हटलं, तीन वाजू देत, मी सातच्या आत येते.

तीनला भोंगा झाला. साथीदार बाहेर आला, आईला बघून हात पुसत पुढं झाला. "दत्तू व्हय? त्याला ताप हुता तीन दिस. काल दुपारी गेला की गावाकडं, तुमास्नी भेटायला. तुमी हिकडं कशा?" कालची दुपार म्हणजे गुरुवार. कार्ड आलं मंगळवारी. मंगळवारी ज्याचं दहाव्याचं कार्ड येतं तो गुरुवारी एस.टी.त बसत नाही. इतकं सोपं होतं ते, मी बोटांवर मोजून आईला समजावलं. माझा आवाज चढला होता. "आई, दादा चांगला हाय. सगळी चांगली हायती. त्ये कार्ड माझं हुतं. मुंबईचं. मला बोलीवलंय उद्या."

आईनं माझ्याकडं बघितलं. "तू वाचलंस?"

"न्हाई. पर माझंच हुतं."

"तू वाचलं न्हाईस. म्यां कोपरा बगितला." मग ती माझ्याजवळ सरकली आणि तिनं आपला हात माझ्या तोंडावर दाबला. हाताला मिलोच्या पिठाचा, घामाचा वास होता. "फाटल्या कोपऱ्याचं कार्ड कुनी आपलं म्हनतं का गं? पुन्यांदा म्हनू नगंस. लोक म्हनत्यात आन तसंच हुतं." तिचे डोळे इतके घाबरलेले मी कधी बघितले नव्हते. तिला माझी मुंबई कळत नव्हती असं नाही. तिला कळत होतं की तीन लेकरांतल्या एकाच्या नावानं ते कार्ड आलंय, आणि आता मी हात वर करून म्हणत होते, ती मी. मी सांगितलं, तुला नगरच्या स्टँडवर गाडीत बसवून देते, कंडक्टरला सांगते. ती म्हणाली, "दत्तूला डोळ्यांनी बगत न्हाई तवर मला सोडू नगं." अंगठा ठणकत होता, फडक्यातून रक्त आलं होतं. मिरजगावला गाडी बदलायची होती. मी तिला सोडू शकले नाही. दुसरी एखादी सोडून गेली असती का, हे मी पन्नास वर्षांत कितीतरी वेळा ठरवलं आणि कितीतरी वेळा मोडलं.

स्टँडवर आमची गाडी साडेचारला लागली. पाठकबाईंना निरोप द्यायला कुणी नव्हतं. त्या सातपर्यंत दाराशी थांबल्या होत्या, असं त्यांनी मला पुढं सांगितलं; निळी साडी त्यांनी मला तीन वर्षांनी दुसऱ्या चाचणीच्या वेळी दिली, आणि तेव्हा मी पत्ता त्यांचाच घातला होता. पण तेव्हा तीन वर्षं पुढची कुणाला दिसत होती? मला एवढंच दिसत होतं, की हे एकदाच येतं आणि ते येऊन गेलं. गाडीत आई माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. तीन दिवसांत पहिल्यांदा झोपली होती. मी तिला जागं न करता बसले होते आणि मनात बातम्या म्हणत होते, चावडीत ऐकलेल्या, जुन्या, कुठल्याही.

मिरजगावला गाडी चुकली, आम्ही एका मालट्रकमधून आलो. वस्तीवर पोचलो तेव्हा अंधार पडला होता. अंगणात बाजेवर दादा बसला होता, अंगावर अण्णांचं घोंगडं, हातात माडग्याची वाटी. आम्हाला बघून म्हणाला, "कुटं गेल्ता तुमी? मी कालपास्नं वाट बघतोय." आई धावली. त्या पायानं ती धावली. तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, त्याचे कान चाचपले, त्याची वाटी सांडली. हौसाकाकू आली, चार बाया आल्या, कावळ्यांचंच ते, सगळ्यांनी ठरवून टाकलं. कुणीतरी म्हणालं, आता दत्तूचं आयुष्य वाढलं. आई हसत होती, रडत होती, आणि मला हाक मारत होती. "इंदे, ये. हात लाव दादाला. बघ, अंग गरम हाय अजून."

मी गेले आणि त्याच्या कपाळाला हात लावला. गरम होतं. दादा माझ्याकडं बघून हसला, त्याला वाटलं त्याच्या तापाची मला काळजी. तो माझा लाडका भाऊ, मला कॉलेजात घालायला अण्णांशी भांडलेला. आणि त्याला जिवंत बघून मला आनंद झाला नाही. मला राग आला. इतका चांगला, धडधाकट बसलाय, तर मग मला का थांबवलं, असं मनात आलं. आणि त्याच्याही पुढचं एक मनात आलं, ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही आणि इथंही लिहिणार नाही. मी तिथंच बाजेच्या पायाला धरून खाली बसले आणि रडायला लागले. आईला वाटलं मी आनंदानं रडतेय. ती माझ्याजवळ बसली, माझं डोकं मांडीवर घेतलं, आणि बायांना म्हणाली, रडू द्या तिला.